सोवळ्यातला हत्ती

कमलाबाई राव. माझ्या हातून आयुष्यात जे काही धड शिवून झालं, त्याचं मूळ या बाईंपाशी आहे, म्हणून त्यांचं नाव सगळ्यांत आधी. आम्ही त्यांना अक्का म्हणत असू. चेन्नईत तांबरमला आम्ही भाड्याने राहायचो त्या घराच्या त्या मालकीण. स्वतः माडीवर राहत. त्यांचे पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून तंजावरला गेलेले. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. त्यांचं मराठी मला सुरुवातीला पोथीतलं वाटायचं. पुढे त्याच मराठीत मी इतकी बोलणी खाल्ली की ते फार आपलं वाटायला लागलं.

माझं गाव करमाळा. वडील मार्केट यार्डात हमाल. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. त्यात माझ्या हुशारीपेक्षा वडिलांच्या पाठीचा वाटा मोठा आहे. लग्नानंतर सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, रेल्वेच्या हिशेब खात्यात नोकरी लागली आणि नेमणूक चेन्नईला झाली. बायकोच्या नोकरीमागे नवरा जातो, हे आमच्या गल्लीत कुणी ऐकलेलं नव्हतं. मी गेलो. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. मला तमिळचा गंध नाही, इंग्रजी वाचता येई पण तोंडातून निघत नसे. मुलाखतींसाठी खास पांढरा सदरा शिवून घेतला होता. तो सदरा चेन्नईतल्या पुष्कळ कचेऱ्यांत जाऊन नापास होऊन आला.

एकदा आमची लेक मुक्ता तापाने पडली. दुकानातल्या कापडी सशासाठी तिने हट्ट धरला. मी तो नापास सदरा काढला, कात्री घेतली आणि ससा शिवायला बसलो. यार्डात पोत्यांची तोंडं शिवलेली असल्यामुळे सुई धरायला मी घाबरत नव्हतो. अक्का औषधाचा काढा घेऊन खाली आल्या आणि माझ्या हातातल्या वस्तूकडे बघत राहिल्या.

"हें काय बा, दत्ता? उशी?"

"ससा आहे, अक्का."

"अय्यो! सशाला ठाऊक आहे का हें?"

मग त्यांनी मांडी घातली आणि मला पहिला धडा दिला. कागदाचा फर्मा कापायचा, तो कापडाच्या उभ्या धाग्याला धरून ठेवायचा, दोन तुकडे उलटे ठेवून कडेने बखिया घालायचा, पोटाशी दोन बोटं फट ठेवायची आणि त्या फटीतून अख्खा प्राणी उलटा करायचा. बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. पण आतून बाहेर येणारा कान पहिल्यांदा पेन्सिलीच्या टोकावर उभा राहतो, तेव्हा जो आनंद होतो तो मला बी.कॉम.च्या निकालाला झाला नव्हता. भरण आधी कानांत, पायांत, शेपटीत आणि शेवटी पोटात. नवशिका आधी पोट भरतो. मग पाय मोकळे लोंबतात आणि प्राणी दारू प्यायल्यासारखा बसतो. डोळ्यांना बटण लावायचं नाही, पोरं गिळतात. डोळा दोऱ्यानेच भरायचा. आणि चेन्नईच्या दमट हवेत भरण कडक उन्हात वाळवल्याशिवाय आत घालायचं नाही, नाहीतर पावसाळ्यात ससा कुबट मारतो.

मुलाखतीचा सदरा ससा म्हणून मात्र पहिल्या फटक्यात पास झाला.

मुक्ताचा ससा बघून शेजारच्या मुलीला मांजर हवं झालं, सुनंदाच्या कचेरीतल्या एकीने नातवासाठी कुत्रा सांगितला, आणि बघता बघता आमचा पुढचा सोपा कारखाना झाला. लोक जुने कपडे आणून देत, मी त्यांचे प्राणी करून देई. वडील शेवटपर्यंत गावात सांगत, "पोरगा मद्रासला कापडाच्या लाइनीत आहे." खोटं काहीच नव्हतं त्यात. मी बाहुल्या शिवतो, हे मात्र त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही, आणि त्यांना समोर बसवून एखादा प्राणी उलटा करून दाखवायचं माझ्याकडूनही राहून गेलं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. सांगलीकडचा एक मुलगा चेन्नईत सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याने आपली जीन्स आणली आणि म्हणाला, "काका, याची म्हैस करा. पण आमची म्हैस. डावं शिंग खाली गेलेली." जीन्सने माझ्या सुया मोडल्या. म्हैस हातात घेऊन त्याने ती सगळीकडून फिरवून पाहिली, मग म्हणाला, "शिंग अजून थोडं खाली पाहिजे होतं." मी तिथल्या तिथे उसवून खाली केलं.

दुसऱ्या एका बाईंनी नवऱ्याचा निळ्या रेघांचा शर्ट परस्पर आणून दिला. नवरा सुटीच्या दिवशी तावातावाने दारात आला. "माझा शर्ट कुठाय?" मी बोटाने खिडकीतलं अस्वल दाखवलं. तो अस्वलाकडे बघत उभा. शेवटी म्हणाला, "निदान खिसा तरी ठेवायचात हो!" खिशाचा तुकडा शिल्लक होता. तो मी अस्वलाच्या पोटावर बसवून दिला, आणि गृहस्थ अस्वलाच्या खिशात आपलं पेन खोचून, ते काखेत मारून रेल्वे स्टेशनकडे गेले.

हे सगळं सांगायला बरं वाटतं. पण मी या कामातला आहे असं मला स्वतःला ज्या कामानंतर वाटलं, ते वेगळंच होतं.

सुनंदाच्या कचेरीत जयंती नावाची तमिळ मैत्रीण होती, आमच्याशी हिंदीत बोलायची. ती एकदा कचेरी सुटल्यावर सुनंदाबरोबर आमच्याकडे आली. पश्चिम मांबलमला तिचं सासर. घरात सासूबाई, त्यांना सगळे पाट्टी म्हणत, म्हणजे आजी. नवरात्रात तमिळ घरांतून पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्यांची आरास करतात, तिला कोलू म्हणतात. वरच्या पायऱ्यांवर देव, मग संत, मग लग्नाची वरात, वाणी आणि त्याचं दुकान, आणि अगदी खाली बाग आणि प्राणी. आपल्याकडे गौरीपुढे आरास करतात, तिची ही थोरली बहीण म्हणा. पाट्टींचा कोलू त्या गल्लीत नावाजलेला. नव्या नवरी म्हणून आल्या तेव्हापासून त्या तो स्वतःच्या हाताने मांडत.

"काचबिंदूने त्यांची नजर गेली," जयंती म्हणाली. "तरी गेल्या नवरात्रात हट्टाने मांडायला बसल्या. मातीची बाहुली हातातून सुटली, फुटली, हात कापला. माझा नवरा म्हणाला, बस्स. यापुढे कोलू नाही. तेव्हापासून पाट्टी दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नाहीत. विचारलं की म्हणतात, कशासाठी उठू?"

"तू मांडलास तर?" सुनंदाने विचारलं.

"तेही म्हणून पाहिलं मी. तर म्हणाल्या, मग तो तुझा कोलू. वरचे देव मी ठेवलेले चालतील, पण खालचं त्यांच्या हाताने झालं पाहिजे." ती माझ्याकडे वळली. "अण्णा, तुमचे प्राणी फुटत नाहीत."

मी आनंदाने होकार दिला. घरातले उत्तम प्राणी पिशवीत भरले आणि दुभाष्या म्हणून अक्कांना घेऊन मांबलमला गेलो. पाट्टी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. जयंतीने त्यांच्या हातात ससा दिला. त्यांनी तो चाचपला, गालाला लावला. "मऊ आहे," म्हणाल्या.

इथे मी घोटाळा केला. आमच्याकडे मूल जन्मलं की त्याला पहिल्यांदा नवं कापड लावत नाहीत. आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळतात, जुन्याचंच झबलं शिवतात. जुनं म्हणजे मायेचं. त्यामुळे ही तारीफ अक्कांवर न सोडता मी माझ्या तुटपुंज्या तमिळमध्ये अभिमानाने केली, "पळय तुणि, पाट्टी! रोंब पळय तुणि!" जुनं कापड, फार जुनं कापड.

विस्तव लागल्यासारखा त्यांनी ससा खाली ठेवला.

"कोणाच्या अंगावरचं?"

अक्कांनी कपाळाला हात लावला. नेसलेलं, वापरलेलं कापड देवाच्या पायरीवर? ओवळं! मग दोघी म्हाताऱ्यांची जी जुंपली ती मला जयंतीने नंतर समजावून सांगितली.

"मामी," अक्का तिकडच्या रीतीने त्यांना हाक मारून म्हणाल्या, "तुमच्या मातीच्या बाहुल्या वर्षभर ट्रंकेत कशात गुंडाळून ठेवता? जुन्या धोतरांतच ना?"

"झोपतात जुन्यात," पाट्टी म्हणाल्या. "बसत नाहीत. तू झोपताना नेसतेस ते नेसून देवळात जातेस का?"

अक्कांनी ससा उचलून पिशवीत टाकला आणि त्या चपला शोधायला उठल्या.

परतीच्या गाडीत मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. नवं कापड घ्यावं, तर ते बोटांना परकं, आणि पाट्टींना बोटांशिवाय दुसरं काही उरलेलं नव्हतं. पल्लावरम स्टेशन गेल्यावर अक्का एकदम म्हणाल्या, "रेशीम!"

"काय?"

"रेशमाला विटाळ नाहीं, बा. पट्टूसाडी जन्मभर नेसली तरी सोवळीच. त्या मामीच्या कपाटांत फाटक्या पट्टूसाड्या किती पडल्या असतील!"

मला मात्र वेगळीच शंका होती. आमच्या घरात सोवळं कधी पाळलेलं नव्हतं. मी दबकत विचारलं, "अक्का, पण शिवणारा हात माझा. तो चालेल का त्यांना?"

अक्का खवळल्याच. "कुंभाराचा हात चालतो, तुझा कां नको? असलें पुन्हां बोललास तर भाडें वाढवीन."

पाट्टींना कल्पना पटली, अटींसकट. आत वापरलेल्या कापडाची एक चिंधीही नको. भरण नव्या सावरीच्या कापसाचं. अस्तर कोऱ्या मांजरपाटाचं, तेही धुऊन. मग कपाट उघडलं. जयंती एकेक साडी त्यांच्या हातात देई आणि काठावरून बोट फिरवून त्या सांगत, "ही बहिणीच्या लग्नातली. ही थोरल्याच्या बारशाची. ही त्यांनी न विचारता आणली, रंग मला कधी आवडला नाही, हिचं माकड कर." शेवटी लग्नातली नऊवारी आली. घडीवर विरलेली. त्यांनी तिचा पदर चाचपून शोधला.

"तंबी," मला म्हणाल्या, "हिचा हत्ती."

तमिळमध्ये धाकट्या भावाला तंबी म्हणतात. तोवर मी नुसता 'तो मराठी माणूस' होतो.

जुनं रेशीम शिवणं म्हणजे काय, ते सांगतो. कात्री लावली की कडेचे धागे सुटायला लागतात आणि सुटतच राहतात. मशीनखाली ते मासळीसारखं निसटतं. घडीवर बोट दाबलं तर बोट पलीकडे. दुसऱ्याची जन्माची साडी. चुकलं तर आणायची कुठून? मी फर्मे आधी मांजरपाटावर कापून पाहिले, मग रेशमाखाली अस्तर धरून हाताने बखिया घातला, कड नेहमीपेक्षा रुंद ठेवली. पहिला हत्ती झाला तो, माझ्या मते, देखणा होता. सुनंदा म्हणाली, अगदी देवळाबाहेरचा.

पाट्टींनी तो हातात घेतला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "डुक्कर."

"सोंड बघा ना, मामी," अक्का म्हणाल्या.

"हां. गळ्यात मफलर घातलेलं डुक्कर."

अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. मी घरी येऊन तो उसवला. दुसऱ्यालाही डुकराचाच मान मिळाला. लग्नाची साडी दर उसवण्याबरोबर आणखी विरत होती. तिसऱ्यांदा उसवण्याइतका जीव तिच्यात नव्हता. आणि नेमकं तेव्हाच अक्कांच्या तंजावरच्या जावयाचा पाय मोडला आणि त्यांना लेकीकडे जावं लागलं. एग्मोर स्टेशनवर गाडी सुटताना खिडकीतून त्या म्हणाल्या, "दत्ता, तुझे डोळे आड येताहेत. मिटून शीव."

मी खरंच डोळे मिटून बसायला लागलो. सुनंदा म्हणे, "अहो, शिवायला बसलात की जपाला?" पण हळूहळू कळत गेलं. डोळा आधी सोंड बघतो. बोट आधी पाठ, मग पाय, मग डोकं. कापडाची सोंड बोटाला लोंबती चिंधी वाटते. हत्ती बोटाला ओळखू येतो तो खांबासारख्या पायांनी आणि कपाळावरच्या दोन उंचवट्यांनी. मी उंचवटे वेगळे भरून बसवले, सोंडेत सावरीचा कापूस ठासून ती वर वळवली. वाघाचे पट्टे बोटाला दिसत नाहीत. मग जरीच्या खरखरीत पट्ट्या बसवल्या. हरणाच्या ठिपक्यांसाठी दोऱ्याच्या गाठी. गाईला वशिंड. आणि ज्या सुटणाऱ्या धाग्यांनी माझा जीव खाल्ला होता, ते मुद्दाम सोडवून सिंहाची आयाळ केली. मुक्ताच्या डोळ्यांवर रुमाल बांधून मी एकेक प्राणी तिच्या हातात देई. ती जिथे अडखळे, तिथे मी पुन्हा सुई घाली. फक्त हत्ती तिच्याकडे दिला नाही. तो एकाच माणसाच्या हातात जायचा होता.

सर्वपित्री अमावास्येला पायऱ्या मांडतात. त्या दिवशी दुभाष्याशिवाय, प्राण्यांचं गाठोडं घेऊन मी मांबलमला गेलो. फोनवर अक्कांना नीट ऐकू येत नसे, म्हणून नवरात्र उठल्यावर त्यांना पत्र लिहिलं. आधी कच्चं लिहायचं आणि मग पक्कं, ही शाळेतली सवय. त्यामुळे कच्ची प्रत माझ्याजवळ राहिली. ती अशी:

तीर्थस्वरूप अक्का यांस,
दत्तात्रयचा साष्टांग नमस्कार.

जावईबापूंचा पाय आता कसा आहे? इकडे सर्व ठीक. माडीवरच्या तुळशीला सुनंदा पाणी घालते.

आता ज्याची तुम्ही वाट बघत असाल ते लिहितो. मी गेलो तेव्हा जयंतीने वरच्या पायऱ्यांवर देव मांडून ठेवले होते. तिचा नवरा हाताची घडी घालून दारात उभा होता. पाट्टी न्हाऊन, पट्टूसाडी नेसून पाटावर बसल्या होत्या. मी पहिला हत्तीच दिला. तो पुन्हा डुक्कर ठरला असता तर मी बाकीचं गाठोडं सोडणार नव्हतो.

त्यांनी पाठीवरून हात फिरवला. मग चारी पाय मोजल्यासारखे धरले. मग कपाळ. कान मी पदराचे केले आहेत, तिथे त्यांचा हात थांबला. मला वाटलं, संपलं. मग म्हणाल्या, "आनै." अक्का, हत्तीला तमिळमध्ये काय म्हणतात ते मला माहीत असूनही त्या क्षणी समजलं नाही. जयंती माझ्या खांद्याला हलवून म्हणाली, "अण्णा, हत्ती म्हणाल्या त्या!" तोवर पाट्टींनी हत्ती खालच्या पायरीवर ठेवून, सोंड समोर येईल असा फिरवलाही होता आणि पुढच्यासाठी हात पसरला होता.

वाघ ओळखला. सिंह ओळखला, आयाळीतून बोटं फिरवून म्हणाल्या, "केस विंचरा रे याचे." गाय, हरिण, मोर, सगळे ओळखले. माकड हातात घेऊन म्हणाल्या, "हे माकड नाही, हा माझा धाकटा दीर आहे." त्यावर दारातला मुलगा इतका हसला की त्याची हाताची घडी सुटली, आणि तो आत येऊन आईच्या बाजूला बसला. पुढचे प्राणी त्यानेच दिले. उंट मात्र त्यांनी दोनदा चाचपून परत केला. "हे काय आहे ते ईश्वराला ठाऊक," म्हणाल्या. उंट घरी आणला आहे. सुनंदा त्यात सुया टोचून ठेवते.

पुढचं ऐका. त्यांच्या कोलूतल्या बाहुल्यांना आजवर कुणा पोराने बोट लावलेलं नव्हतं. यंदा हळदीकुंकवाला आलेल्या बायकांची पोरं लांब बसली, तर पाट्टी म्हणाल्या, "घ्या उचलून, फुटत नाहीत." अक्का, रोज संध्याकाळी त्या प्राण्यांची दैना! वाघ दारामागे, गाय तुळशीत, दीर पंख्याच्या बटणावर टांगलेले. आणि रोज सकाळी पाट्टी सगळ्यांच्या आधी उठून, न्हाऊन, पुन्हा पहिल्यापासून मांडायला बसायच्या. आम्हाला आवरू दे म्हटलं तर हात झटकायच्या. मुलगा माझ्याजवळ तक्रार करत होता, घरात पहाटे न्हाणीघर मोकळं मिळत नाही म्हणून. तक्रार करताना हसत होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्या ट्रंक भरत होत्या, स्वतः. तुम्हाला निरोप दिला आहे, जसाच्या तसा लिहितो: "त्या तंजावरच्या भांडकुदळ बाईला म्हणावं, पुढच्या कोलूला ये. येताना तुझी एखादी जुनी पट्टूसाडी आण. माझ्या पायरीवर एक गाढव कमी आहे."

साडी कोणती देणार ते कळवा, म्हणजे फर्मा काढून ठेवतो.

आपला,
दत्ता